दिवा लागतो, प्लेट फिरते, पण दूध थंडच!



मिक्सर बिघडला की तो बंद पडतो, फ्रिज बिघडला की पाणी गार होत नाही आणि अर्ध्या दिवसात सगळ्यांना कळतं. मायक्रोवेव्हची तऱ्हा वेगळी. बटण दाबलं की आत दिवा लागतो, प्लेट फिरते, पंखा घुमतो, आकडे एकेक सेकंदाने उतरतात आणि शेवटी नेहमीसारखी शिटीही वाजते. दार उघडून वाटीला हात लावावा तर वरण जसं ठेवलं तसं थंडगार.

आपल्यापैकी कितीतरी घरांत आजी-आजोबा बडोद्याला आणि मुलं-नातवंडं पुण्याला, बंगळूरला नाहीतर थेट कॅनडात, अशी विभागणी झालेली आहे. सकाळचं दूध, दुपारची भाजी, रात्रीची खिचडी गरम करायला घरच्या मोठ्यांना हे यंत्र सोयीचं पडतं. गॅस चालू राहिल्याची धास्ती नसते. त्यामुळे ते बिघडलं की पहिला फोन तुम्हा मुलांनाच येतो. मेकॅनिकला फोन केला तर आजी गुजरातीत तीनच शब्द सांगते, 'गरम नथी थतुं.' त्या तीन शब्दांवरून त्यालाही काही कळत नाही. तो येतो, वरवर बघतो, 'मॅग्नेट्रॉन गयो' म्हणतो आणि मोठा आकडा सांगून जातो.

अशा वेळी तरुण मंडळींकडून दोनच उत्तरं येतात. एक, 'टाकून दे, नवीन ऑर्डर करतो.' दुसरं, 'थांब, व्हिडिओ बघून मीच उघडतो.' पहिल्यात पैसे जातात. दुसऱ्यात जीव जाऊ शकतो. तिसरा मार्ग असा, की पेटीचा एकही स्क्रू न काढता, अर्ध्या तासात, बाहेरूनच बिघाड बराचसा ओळखायचा. हे काम व्हिडिओ कॉलवरूनही करता येतं.

आधी पेटी का उघडायची नाही ते

घरातली बहुतेक उपकरणं प्लग काढला की निर्धोक होतात. मायक्रोवेव्ह त्यात बसत नाही. त्याच्या पोटातला जड ट्रान्सफॉर्मर घरातल्या २३० व्होल्टचे सुमारे २००० व्होल्ट करतो. पुढे कपॅसिटर आणि डायोड ही जोडी तो दाब आणखी वाढवून ४००० व्होल्टच्या आसपास नेते. कपॅसिटर म्हणजे विजेची साठवण. प्लग काढल्यावरही त्यात ही वीज शिल्लक राहू शकते. ती हळूहळू उतरावी म्हणून बहुतेक कपॅसिटरच्या आत सोय केलेली असते, पण ती सोय निकामी झाली असेल तर बाहेरून काहीच दिसत नाही.

घरात ई.एल.सी.बी. बसवली आहे म्हणूनही निर्धास्त राहू नका. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या बाजूचा झटका बसला तर तो प्रवाह आतल्या आतच फिरतो. घराच्या बोर्डातल्या त्या खटक्याला त्याचा पत्ताही लागत नाही, म्हणून तो पडत नाही.

आणखी एक गोष्ट खास कॉलेजच्या मुलांसाठी. जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची झाडासारखी नक्षी जाळायचे व्हिडिओ फिरत असतात. दिसायला सुंदर असतात. या खेळात आजवर अनेकांचे जीव गेले आहेत आणि त्यांत सराईत सुतारकाम करणारेही होते. त्याच्या वाटेला जाऊ नका.

सगळं चालतं, मग गरम का होत नाही?

हे समजायला यंत्राच्या आतल्या दोन वाटा वेगळ्या करून बघायला हव्यात.

पहिली वाट साधी: दिवा, पंखा, प्लेट फिरवणारी छोटी मोटर आणि आकड्यांचा बोर्ड. हे सगळं मिळून फार तर एक-दोन बल्बांइतकी वीज खातं.

दुसरी वाट तापवणारी. दाराचे खटके, बोर्डावरचा रिले, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर-डायोड आणि शेवटी मॅग्नेट्रॉन. या साखळीतली एक कडी तुटली तरी अन्न थंड राहतं, पण पहिली वाट शाबूत असल्यामुळे दिवा आणि प्लेट चालूच राहतात. म्हणून 'सगळं चालतंय' असं वाटतं.

मॅग्नेट्रॉन हा मुळात स्वयंपाकघरातला प्राणी नाही. १९४० मध्ये ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅम विद्यापीठात जॉन रँडल आणि हॅरी बूट यांनी रडारसाठी त्याचं ताकदवान रूप तयार केलं. युद्ध संपत आलं तेव्हा, १९४५ मध्ये, अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीचे अभियंते पर्सी स्पेन्सर यांच्या खिशातली गोड वडी रडारच्या यंत्राजवळ वितळली आणि त्यातून अन्न तापवण्याची कल्पना पुढे आली. आजही तत्त्व तेच आहे. २४५० मेगाहर्ट्झच्या लहरी पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि अन्न तापतं. या लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर असते. दाराच्या जाळीची भोकं मिलिमीटरभराची असतात, म्हणून लहरी बाहेर येत नाहीत आणि आपल्याला आतलं दिसतं.

बिघाड नसेलच तर?

मेकॅनिकला बोलावण्याआधी हे बघून घ्या. निम्मी धावपळ इथेच वाचू शकते.

• मोड कोणता आहे? आपल्याकडे मायक्रोवेव्ह, ग्रिल आणि कन्व्हेक्शन असे तीन मोड असलेली यंत्रं पुष्कळ घरांत असतात. चुकून ग्रिलवर गेलं तर मिनिटभरात दूध तापणार नाही.

• पॉवर किती आहे? साध्या ट्रान्सफॉर्मरच्या यंत्रात २० टक्के पॉवर म्हणजे मंद आच नव्हे. मॅग्नेट्रॉन काही सेकंद पूर्ण जोरात चालतो आणि बराच वेळ बंद राहतो. अर्धा मिनिट लावलंत आणि त्यातला बहुतेक वेळ बंदमध्ये गेला, तर वाटी थंडच.

• डेमो मोड तर नाही? दुकानात दाखवण्यासाठी काही मॉडेलमध्ये अशी सोय असते की दिवा, प्लेट, आकडे सगळं चालतं पण तापत नाही. साफसफाई करताना बटणं दाबली जाऊन तो लागू शकतो. माहितीपुस्तिकेत तो काढायची पद्धत दिलेली असते.

• व्होल्टेज कसं आहे? संध्याकाळी ट्यूबलाइट लुकलुकत असेल, पंखा मंदावत असेल, तर मायक्रोवेव्हही अर्धवटच तापवणार. गावाकडच्या आणि सीमाभागातल्या घरांत हा अनुभव नवा नाही. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी दुपारी करून बघा.

• प्लग कुठे लावलाय? हे यंत्र १६ अँपिअरच्या मोठ्या सॉकेटलाच थेट लावायचं. बारीक वायरीच्या एक्स्टेन्शनवर वायर तापते आणि यंत्र कमी पडतं. प्लग काळा पडला असेल किंवा जळका वास येत असेल तर यंत्र राहू द्या, आधी सॉकेट बदलून घ्या.

पाण्याची परीक्षा

आता खरी चाचणी. एक कप पाणी, पूर्ण पॉवर, एक मिनिट. चांगल्या यंत्रात पाणी चटका बसेल इतकं तापतं. कोमट झालं तर यंत्र अशक्त. जसंच्या तसं राहिलं तर तापवणारी वाट बंद.

एक काळजी घ्या. गुळगुळीत काचेच्या पेल्यात पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते न उकळताच उकळबिंदूच्या वर जाऊ शकतं आणि हलवताक्षणी उसळून अंगावर येतं. पाण्यात लाकडी चमचा ठेवा आणि एक मिनिटापेक्षा जास्त लावू नका.

ज्यांना आकडा हवा त्यांच्यासाठी शाळेतलं विज्ञान कामाला येतं. मायक्रोवेव्हमध्ये चालणाऱ्या प्लॅस्टिकच्या भांड्यात बरोबर एक लिटर नळाचं पाणी घ्या. स्वयंपाकाच्या थर्मामीटरने तापमान मोजा. तापाचा थर्मामीटर यासाठी वापरू नका, आणि कुठलाही थर्मामीटर आत ठेवून यंत्र चालवू नका. पूर्ण पॉवरवर ६० सेकंद लावा, बाहेर काढून ढवळा, पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्याला ७० ने गुणा. ती तुमच्या यंत्राची पाण्यापर्यंत पोचलेली ताकद, वॉटमध्ये.

समजा पाणी २५ अंशांवरून ३६ वर गेलं. ११ गुणिले ७० म्हणजे ७७० वॉट. यंत्राच्या मागच्या पट्टीवर 'आउटपुट ८०० वॉट' लिहिलं असेल तर ते ठणठणीत आहे. थोडी उष्णता भांड्यात आणि हवेत जातेच. पट्टीवर ८०० आणि हातात ३५० येत असतील तर एकतर व्होल्टेज कमी आहे किंवा मॅग्नेट्रॉन थकला आहे. वाढ शून्य किंवा एक अंश असेल तर कुठली तरी कडी तुटलीच आहे.

कान आणि मीटर

ती कडी कुठली, याचा अंदाज कानाने येतो. व्हिडिओ कॉलवर फोन यंत्राजवळ धरायला सांगा आणि शांतपणे ऐका. निरोगी ट्रान्सफॉर्मरचं यंत्र सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांत एक जाडसर घुमणारा आवाज धरतं. इन्व्हर्टरच्या यंत्राचा आवाज बारीक असतो, त्यामुळे नेहमीचा आवाज कसा होता ते घरच्यांना विचारा.

• नुसता पंख्याचा आवाज, घुमणं अजिबात नाही: ट्रान्सफॉर्मरपर्यंत वीजच पोचत नाही. संशय दाराच्या खटक्यांवर किंवा बोर्डावरच्या रिलेवर. दार जरा दाबून किंवा उचलून धरलं की तापतं, असं आजी म्हणाली तर दाराचा खटका जवळपास नक्की. हे भाग स्वस्तातले.

• घुमणं नेहमीसारखं, पण पाणी थंड: मॅग्नेट्रॉन, कपॅसिटर किंवा आतला उच्च दाबाचा फ्यूज.

• नेहमीपेक्षा मोठी, दबलेली गुरगुर, दिवा मंद होणं, जळका वास: डायोड किंवा कपॅसिटर शॉर्ट झाल्याची शक्यता. ताबडतोब बंद करून प्लग काढा आणि पुन्हा लावून बघू नका.

• काही मिनिटं छान तापतं, मग थांबतं, गार झाल्यावर पुन्हा चालतं: आतला उष्णतेचा खटका पडतो आहे. मागची हवा कोंडली आहे किंवा पंखा मंद आहे.

• बटण दाबल्यावर काहीच होत नाही, दिवाही नाही: हा वेगळा आजार. सॉकेट, मुख्य फ्यूज किंवा बोर्ड. दिवा आहे पण बटणं ऐकत नाहीत, तर आधी चाइल्ड लॉक बघा.

वीज मोजणारा स्मार्ट प्लग घरात असेल तर आणखी नेमकं कळतं. तो १६ अँपिअरचा असल्याची खात्री करा. आत पाण्याचं भांडं ठेवून पूर्ण पॉवरवर यंत्र चालवा. ८०० वॉट आउटपुटचं यंत्र साधारण १२०० ते १४०० वॉट ओढतं, कारण सगळी वीज लहरींत बदलत नाही. मीटर शंभराच्या आत अडकला असेल तर फक्त दिवा-पंखा-मोटर चालू आहे. दोष दाराच्या किंवा बोर्डाच्या बाजूला. काही शे वॉटवर अडकला तर ट्रान्सफॉर्मर जागा आहे, पण त्याच्या पुढचं काही काम करत नाही.

कन्व्हेक्शनचं यंत्र असेल तर एक सोपी पडताळणी आहे. त्या मोडचा हीटर वेगळा असतो. कन्व्हेक्शनवर आतली हवा तापते आणि मायक्रोवेव्हवर पाणी तापत नाही, म्हणजे दोष लहरींच्या बाजूलाच. आणि एक लक्षात ठेवा, मायक्रोवेव्ह मोडवर यंत्र रिकामं कधी चालवायचं नाही. लहरी शोषायला काही नसलं की त्या उलट मॅग्नेट्रॉनवर येतात.

आत ठिणग्या उडत असतील तर

आतल्या बाजूच्या भिंतीवर पुठ्ठ्यासारखी दिसणारी एक पातळ चौकोनी पट्टी असते. ती अभ्रकाची. लहरी तिथून आत येतात. तिच्यावर तूप, फोडणी, दुधाचे शिंतोडे साचले की ते जळून काळे होतात आणि ठिणग्या उडतात. प्लग काढून ओल्या फडक्याने ती पुसता येते. भोक पडलं असेल तर तशीच वापरू नका, त्या मॉडेलची नवी पट्टी मागवा. तिला पुठ्ठा समजून फेकून मात्र देऊ नका.

मेकॅनिकशी बोलताना

आता तुमच्याकडे 'गरम होत नाही' पेक्षा बरंच काही आहे. फोनवर असं सांगा: 'दिवा, प्लेट, पंखा चालतात. घुमण्याचा आवाज येत नाही. मीटर ६० वॉट दाखवतो. कन्व्हेक्शन चालतं.' चांगला कारागीर एवढ्यावरून बरोबर भाग पिशवीत घालून येतो, आणि आजीला घाईत काहीही सांगून जाणं अवघड होतं.

तरीही 'मॅग्नेट्रॉन गेला' असं उत्तर आलं तर नम्रपणे विचारा: दाराचे खटके तपासले का? डायोड, कपॅसिटर मोजले का? खर्चाचा अंदाज लिहून द्या. बदललेला जुना भाग परत द्या. दाराचं काम केलं असेल तर शेवटी गळती तपासून द्या.

बिल शोधायला विसरू नका. बऱ्याच कंपन्या संपूर्ण यंत्रापेक्षा मॅग्नेट्रॉनवर जास्त वर्षांची वॉरंटी देतात. यंत्राची एक वर्षाची मुदत संपली म्हणून घरच्यांनी कागद फाडलेला असतो आणि महाग भाग अजून वॉरंटीत असतो. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. केंद्र सरकारच्या 'राइट टू रिपेअर' पोर्टलवरही घरगुती उपकरणांच्या दुरुस्तीबद्दल माहिती मिळते.

दुरुस्ती की नवीन? घरगुती हिशेब सोपा आहे. खटका, फ्यूज, डायोड असेल तर दुरुस्त करा. खर्च नव्या यंत्राच्या निम्म्यापेक्षा जास्त आणि यंत्र आठ-दहा वर्षांचं, तर निरोप द्या. दार वाकलं असेल, बिजागरी ढिली असेल किंवा आतला पत्रा गंजून भोक पडलं असेल तर ते तापवत असलं तरी वापरू नका. दार चिकटपट्टीने धरून चालवणं तर मुळीच नको. जुनं यंत्र भंगारवाल्याला देऊ नका. तिथे ते हातोड्याने फोडलं जातं आणि काही मॅग्नेट्रॉनमधल्या चिनी मातीची पूड फुप्फुसांना घातक असते. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि जुन्या विद्युत उपकरणांची जबाबदारी उत्पादकांवर टाकतात. कंपनीला किंवा नोंदणीकृत ई-कचरा केंद्राला फोन करा.

आयुष्य वाढवायचं तर

मागे आणि वर हवेला जागा ठेवा. यंत्रावर डबे, पेपर, देवाचं कॅलेंडर असा संसार मांडू नका. दार आपटू नका आणि मधेच खसकन ओढून उघडण्यापेक्षा आधी 'स्टॉप' दाबा. दाराचे खटके जास्त टिकतात. वाटीवर झाकण ठेवा. आणि झुरळांचा बंदोबस्त करा. बोर्डाची ऊब त्यांना फार आवडते. जाळीतून ती आत जातात आणि बोर्ड शॉर्ट करतात.

पुढच्या वेळी घरून फोन आला, 'अरे, ते मायक्रोवेव्ह बिघडलंय', तर लगेच शॉपिंगचं ॲप उघडू नका. एवढेच पाच प्रश्न विचारा: 'आजी, मोड कुठला आहे? पाण्याचा कप एक मिनिटात किती तापला? आवाज नेहमीसारखा घुमतो का? दार दाबून धरलं तर फरक पडतो का? जळका वास येतो का?' वास येत असेल तर पुढचं काही न विचारता प्लग काढायला सांगा. आणि शेवटी एक वाक्य नक्की सांगा: 'आजोबांना सांग, स्क्रू-ड्रायव्हर काढू नका.' आपल्या आजोबांच्या पिढीने रेडिओ, इस्त्री, पंखे घरीच दुरुस्त केलेले आहेत. त्यांचा हात शिवशिवणारच!